महाकाय केप झेब्रा खरंच वेगळी प्रजाती होता का?

'हिमयुगातला महाकाय झेब्रा' म्हणून जी चित्रं फिरत असतात, त्यातला प्राणी इक्वस केपेन्सिस, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला. महाकाय म्हणण्याजोगा होता का? खांद्यापाशी साधारण दीड मीटर उंची आणि 400 किलोच्या आसपास वजन, असा अंदाज आहे. आजचा ग्रेव्ही झेब्राही जवळपास तेवढाच भरतो. मैदानी झेब्र्याशेजारी मात्र तो थोराड दिसला असता, एवढं खरं.

जीवाश्मशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूम यांनी 1909 मध्ये त्याचं नामकरण केलं ते खालच्या जबड्याच्या तुकड्यावरून, आणि तेही 'मोठा घोडा' म्हणून! पुढे सुट्या दातांवरून हेल्मेई, कावूडी अशी आणखी नावं निघाली आणि कालांतराने तीही केपेन्सिसच्या खात्यात गेली. माझा आक्षेप या सुट्या दातांवरच्या भिस्तीला आहे.

खालची दाढ घोड्याची की झेब्र्याची, हे बऱ्यापैकी सांगता येतं. चावायचा पृष्ठभाग वर धरून जिभेकडची बाजू बघायची. तिथल्या दोन गोल घड्यांमधली खाच झेब्र्यात टोकदार, इंग्रजी व्हीसारखी असते. घोड्यात ती पसरट, यूसारखी. पण दाढ फार झिजलेली असेल तर ही खूणही पुसट होते.

आकाराचं प्रकरण याहून नाजूक. यांच्या दाढा उंच असतात, जनावर आयुष्यभर त्या झिजवत जातं आणि मुळाकडे जाताना दाढेची लांबी कमी होत जाते. म्हणजे त्याच जनावराची तीच दाढ तरुणपणी मोठी भरते, म्हातारपणी लहान. पृष्ठभागावर कॅलिपर लावून मोकळं झालं की कोवळ्या वयाचा साधा झेब्रा 'महाकाय' ठरू शकतो. म्हणून माप दाढेच्या ठरावीक उंचीवर, बाहेरचा सिमेंटम नावाचा हाडासारखा थर वगळून, एनॅमलपासून एनॅमलपर्यंत घ्यायचं. त्यात उपदाढा (दाढांच्या पुढचे दात) तीन आणि चार या पहिल्या-दुसऱ्या दाढांपेक्षा मोठ्या असतात. सुट्या दाताची जागा चुकली की पुढची सगळी तुलना फुकट.

2009 मध्ये लुडोविक ऑर्लांडो आणि सहकाऱ्यांनी केपेन्सिस मानलेल्या अवशेषांचा प्राचीन डीएनए तपासला. तो मैदानी झेब्र्याच्याच विविधतेत बसला. क्वागा या नामशेष झालेल्या झेब्र्याचंही असंच झालं होतं: एकेकाळी स्वतंत्र प्रजाती, आता मैदानी झेब्र्याची उपप्रजाती. अर्थात हा मायटोकाँड्रियाचा डीएनए, फक्त आईकडचा वारसा दाखवणारा. तेवढ्यावर नाव खोडून टाका असं मी म्हणणार नाही. पण आज पैज लावायची तर माझी 'मोठ्या अंगाचा मैदानी झेब्रा' यावर.

आणि चित्रातले ते ठसठशीत पट्टे? हाडांत पट्टे उरत नाहीत. क्वागाच्या तर मागच्या अंगावर ते जवळजवळ नव्हतेच. तेव्हा केपेन्सिसच्या पुठ्ठ्यावर काय होतं, ते चित्रकाराच्या मर्जीवर.