श्रीखंडाचा बुरूज

लिफ्टमध्ये नोटीस लागली आहे. ‘काही सभासद पार्किंगमधील सुक्या कचऱ्याच्या पिंपातून वस्तू काढून घरी नेत असल्याचे कमिटीच्या निदर्शनास आले आहे. सदर प्रकार आरोग्यास अपायकारक असून तो त्वरित थांबवावा.’ काही सभासद म्हणजे मी. अनेकवचन माझ्या अब्रूसाठी वापरलं असेल, पण त्याचा उपयोग शून्य. लिफ्टमध्ये चढणारा प्रत्येक जण आधी नोटीस वाचतो आणि मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतो.

पिशवीत श्रीखंडाचे डबे असतात. रिकामे. मी टेबलावर वॉरगेम खेळतो: सहा बाय चार फुटांचं टेबल, २८ मिलीमीटरचे सैनिक, फासे आणि अंतर मोजायला टेप. सैनिक परदेशातून येतात आणि वाटेत कस्टमवाले आपला वाटा काढून घेतात. त्यांना लढायला डोंगर, तट, घरं लागतात. ती तयार घ्यायला गेलं तर फौजेपेक्षा जमीन महाग पडते, आणि हे नाशिककराला वेगळं समजावून सांगायला नको. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने प्रशियाच्या राजाला युद्धाचा खेळ भेट दिला, तेव्हा त्यातल्या जमिनीच्या फरशा खास घडवून घेतलेल्या होत्या. राजाला ते शोभतं. मी अर्धा किलो आम्रखंडावर भागवतो.

सध्या टेबलावर रामशेज किल्ला उभा राहतोय. आशेवाडीचा, आपला. १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि पुढची पाच-सहा वर्षं गड काही हाती लागला नाही. गडावर तोफा नव्हत्या, म्हणून आतल्या लोकांनी लाकडं पोखरून, त्यांना कातडं चढवून तोफा केल्या, असं खाफीखान या मोगल इतिहासकाराने लिहून ठेवलंय. त्या किल्लेदाराच्या नावाने कुणी लिफ्टमध्ये नोटीस लावली नव्हती.

आता काका. दुसऱ्या मजल्यावरचे, प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की ती नोटांची. तिथे कागदाचा ताव मोजून आत जातो आणि मोजूनच बाहेर येतो. काकांनी जन्मभर तेच केलं. आता मोजायला ताव उरले नाहीत म्हणून ते सोसायटी मोजतात.

परवा सकाळी घंटागाडीचं गाणं कोपऱ्यावर वाजायला लागलं होतं. पिंपात एक झाकणासकट डबा दिसत होता आणि त्याच्याही खाली शटलकॉकची पुठ्ठ्याची नळी. मी कोपरापर्यंत हात घातला होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय हरवलंय?”

“काही नाही काका. डबा घेतोय.”

“तुमचा आहे?”

“नाही.”

“मग कोणाचा आहे?”

“कोणाचाच नाही. कचरा आहे.”

“असं नसतं,” काका म्हणाले. “पिंपात पडेपर्यंत सभासदाचा. पिंपात पडला की सोसायटीचा. गाडीत पडला की महापालिकेचा. कोणाचाच नाही असा नग नसतो.”

यावर मला अजूनही उत्तर सुचलेलं नाही. काका जवळ आले, आवाज खाली आणला आणि एकदम अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आले.

“अरे, घरी सगळं ठीक ना? नोकरीबिकरी?”

“ठीक आहे काका.”

“नाही, लाजू नकोस. आमच्याकडे स्टीलचे डबे पडून आहेत. काकू देतील.”

“स्टीलचा चालत नाही. कापता येत नाही.”

“कापायचाय?”

“बुरूज करायचाय. किल्ल्याचा.”

“आषाढात?”

किल्ला दिवाळीत करायचा असतो हे काकांनी मला सविस्तर सांगितलं. खाली विटा रचायच्या, वर गोणपाट, त्यावर मातीचा लेप, हळीव पेरायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि सर्वात वर महाराज. “महाराज कुठे बसवणार आहात?”

“यात महाराज नाहीत काका. हा रामशेज आहे, संभाजी महाराजांच्या काळातला. आणि वेढ्यात तेही गडावर नव्हते.”

“मोगल?”

“मोगल आहेत.”

“म्हणजे मोगल आणलेत आणि महाराज नाहीत.” हे काकांनी वरच्या मजल्यांपर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं. “तुम्ही कोणाकडून?”

“दोन्हीकडून. समोर बसायला कोणी मिळत नाही.”

“मग जिंकतं कोण?”

“ते फासे ठरवतात.”

“फासे!” काका मागे सरकले. “पैसे लावून?”

“कोणाशी लावणार काका? दोन्हीकडून मीच आहे ना.”

“तेच तर विचारतोय. हरलेले पैसे जातात कुठे?”

मग पिशवीची तपासणी झाली. एकेक नग कठड्यावर मांडला गेला. श्रीखंड तीन. आईस्क्रीम एक. अंड्यांचा ट्रे एक, त्याला काकांनी बोट न लावता पेनने ढकललं. “हे?” “दगड.” टूथपेस्टची टोपणं चार. “आणि ही?” “दारूची पिंपं.” काकांनी एक टोपण उचललं, उलटं केलं आणि शांतपणे त्याचा वास घेतला.

“दारूगोळ्यातली दारू, काका.”

“वास पेपरमिंटचा आहे,” काकांनी निकाल दिला. तोवर घंटागाडी आली, गेटपाशी गाणं वाजवत थांबली, पिंप काही तिच्यापर्यंत पोचलं नाही आणि ती निघून गेली. पूर्ण विंगचा सुका कचरा दिवसभर तिथेच राहिला. तोही माझ्या खात्यावर जमा. नोटीस त्याच संध्याकाळी लागली.

मला राग याचा येतो, की ज्यांनी ती छापली त्यांच्या फ्रीजरमधल्या आईस्क्रीमच्या डब्यात वाटाणे आहेत. फळीवरच्या कॉफीच्या बरणीत जिरं आहे. आपल्या घरात श्रीखंडाचा डबा कोणी हौसेने टाकत नाही. झाकण तडकलं तरच तो पिंपात जातो. म्हणजे मी उचलतो तो माल स्वयंपाकघराने नापास केलेला असतो. पाचवीतल्या पोराने याच डब्याचा पेनस्टँड केला तर शाळा ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून बक्षीस देते. चाळिशीतल्या माणसाने बुरूज केला की आरोग्यास अपायकारक.

आणि बुरूज करणं सोपं नाही. डबा पालथा घातला की खाली रुंद, वर निमुळता, म्हणजे खऱ्या बुरुजाचा उतार आयता मिळतो. आठ सेंटीमीटर उंचीचा डबा आमच्या मापात जवळपास पाच मीटरचा होतो, कारण २८ मिलीमीटरचा सैनिक म्हणजे ढोबळ मानाने साठास एक. दिवाळीच्या किल्ल्याशी माझं भांडण आहे ते इथेच. दहा सेंटीमीटरच्या बुरुजावर पंधरा सेंटीमीटरची मूर्ती ठेवली की बसल्या बसल्या नऊ मीटर उंची भरते. हे काकांना सांगणार होतो. मग वाटलं, नको.

डबा हातात आला की आधी बूड बघायचं. तिथे त्रिकोणात आकडा असतो. श्रीखंड-दह्याच्या डब्यांवर बहुधा ५ असतो, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि ती जात कशालाच चिकटत नाही. फेविक्विक वाळलं की टिचकीसरशी सुटतं. रंग सुंदर बसतो आणि दुसऱ्या खेळात नखाबरोबर सालपटासारखा निघून येतो. म्हणून डबा गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवायचा, श्रीखंडाचा तुपकटपणा पूर्ण गेला पाहिजे. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक मारायची. पुढे दोन रस्ते आहेत. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात प्लॅस्टिकचा प्रायमर मिळतो, तो मारायचा. किंवा, मला पटणारा रस्ता, प्लॅस्टिकला चिकटवायचंच नाही. तापवलेल्या सुईने डब्याला जागोजाग भोकं पाडायची (खिडकी उघडी ठेवून), फेविकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं करून त्यात बुडवलेले टिश्यूचे तुकडे सगळीकडून लावायचे आणि कडेवरून आत दुमडायचे. भोकांतून आत गेलेला फेविकॉल वाळून गाठी धरतो. मग कवच डब्याला चिकटलेलं नसलं तरी सुटायला वाट उरत नाही.

झाकण फेकायचं नाही. ते तीन मिलीमीटरच्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) तुकड्यावर दोन छोट्या स्क्रूंनी पक्कं करायचं, कारण तेही पाच नंबरचंच. त्यावर पालथा डबा टचकन बसतो. बुरूज काढता येतो, आत वाळूची पुरचुंडी ठेवता येते. रिकामा डबा शर्टाच्या बाहीने ढकलला जातो आणि वरचे बंदूकधारी थेट दरीत पडतात. एमडीएफऐवजी पुठ्ठा वापरला तर ओला लेप वाळताना कडा वर उचलल्या जातात. पुठ्ठाच घ्यायचा असेल तर खालूनही तेवढाच फेविकॉल फासायचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच ओढतात.

दगडांसाठी अंड्यांचा ट्रे. तो कातरीने कापला तर विटा दिसतात. हाताने फाडायचा, साधारण आठ बाय पाच मिलीमीटरचे तुकडे, आणि खालच्या ओळीपासून चिकटवत वर जायचं. तटावर चालायची जागा तीस मिलीमीटरपेक्षा कमी ठेवली तर पंचवीस मिलीमीटरच्या बेसवरचा (पायाखालच्या चकतीवरचा) सैनिक तोल सांभाळून उभा राहतो आणि फासा पडला की खाली जातो. कठडा अठरा मिलीमीटर: छातीपर्यंत आड, डोळे वर. याहून उंच केला तर त्याला शत्रू दिसत नाही आणि खेळात जो दिसत नाही त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. दरवाजा चाळीसचा हवा. बेसची जाडी आणि पगडी हिशेबात धरायची असते.

कडे थर्माकोलचे. २०१८ च्या बंदीनंतर मखरं गेली, पण टीव्हीच्या खोक्यातून थर्माकोल अजून येतं. त्यावर स्प्रेचा रंग थेट मारायचा नाही. त्यातलं द्रावण थर्माकोल खातं आणि डोंगराला डोळ्यांसमोर भोकं पडत जातात. रबरी सोल्युशनही तेच करतं. आधी फेविकॉलमध्ये काळा ऍक्रिलिक रंग कालवून त्याचे दोन हात, एक कण उघडा राहता कामा नये. आणि परदेशी व्हिडिओत दाखवतात तसला गोल, हिरवा, टेकडीवजा डोंगर करू नये. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे: उभा कडा, मग पायरी, मग उतार, पुन्हा कडा, माथा सपाट. थर आडवे रचले की तो आपोआप ओळखीचा दिसतो. रंग काळा अधिक तपकिरी, वर कोरड्या ब्रशने राखाडी. पायथ्याला चहाचा चोथा, उन्हात कडकडीत वाळवलेला. ओलसर राहिला तर गडाला बुरशी येते. सुक्या घोसाळ्याची जाळी फाडून झुडपं होतात. हे सगळं पसरलं की एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब फवारायचा. थेंब विसरला तर पाणी चोथ्यावर मण्यांनी तरंगतं, आत उतरत नाही.

राहिली ती शटलची नळी. मोगल सरदार शहाबुद्दीन खानाने गडावर मारा करायला लाकडी दमदमा, म्हणजे उंच मनोरा, उभारला होता, तो त्या नळीचा करायचा होता. भोवतीने आईस्क्रीमच्या काड्या उभ्या लावायच्या, वर पाटीएवढा माचा. पुठ्ठा असल्याने फेविकॉल निमूट धरतो, त्रिकोणबिकोण बघावा लागत नाही. ती मात्र काकांनी ठेवून घेतली. ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत.’ त्यामुळे मोगल सध्या दमदम्याविना गडाखाली बसून आहेत. इतिहासातही त्यांचा फार फायदा झाला नव्हता, हे खरं.

रामशेज झाला की दुसऱ्या महायुद्धातला पडका कारखाना करायचाय. त्याच्या काचेच्या छपराला द्राक्षांचे पारदर्शक डबे, म्हणजे पनेट, उत्तम: आयत्या पन्हाळ्या, आयत्या फटी. ते एक नंबरचे, पीईटीचे, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकचे. रंग बरा धरतात, पण त्यांना ग्लू गन लावू नये. हे प्लॅस्टिक सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडतं आणि गनमधला गोंद त्याच्या जवळजवळ दुप्पट तापलेला असतो, छप्पर आक्रसून गोळा होतं. पिंपातून घ्यायची आता सोय नाही, म्हणून निफाडकडच्या एका पॅकहाउसला रीतसर फोन केला.

“पनेट मिळतील का, रिकामे?”

“किती हजार?”

“चार.”

“चार हजार?”

“चार नग.”

बराच वेळ नुसता मागच्या टेम्पोचा आवाज. मग म्हणाले, “साहेब, फेब्रुवारीत या. दोन किलो द्राक्षं घ्या, डबे फुकट.”