माध्यम वेगळं, विषय वेगळा: तलावपाळीवरचा वाद

शनिवारी संध्याकाळी बाळ्या ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर आला तोच तावातावानं. पोरीला पहिलीत घालायचंय आणि घरात दोन तट पडलेत. "मराठी शाळेत घातली तर हिचं इंग्रजी कच्चं राहणार. मला ते चालणार नाही."

"इंग्रजी शिकणं वेगळं आणि सगळं इंग्रजीतून शिकणं वेगळं," मास्तर म्हणाले. "मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आपल्या वेळी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची."

"मग इतक्या वर्षांत दहावी झालेली पोरं चार वाक्यं बोलताना का अडखळतात?" तात्यांनी बरोबर पकडलं.

मास्तरांनी प्रश्न टाळला नाही, हे मला आवडलं. "कारण आम्ही धड्याची ओळ वाचतो, मराठीत अर्थ सांगतो, फळ्यावर उत्तर लिहितो, पोरं उतरवून घेतात. बोर्डाचा लेखी पेपर ८० गुणांचा, उरलेले २० शाळेच्या हातात. मग बोलण्याचा सराव घेतो कोण? मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. ए, ॲन, द हा प्रकार आपल्याकडे नाहीच. हे एकदा मराठीतून नीट समजावलं की पोरांना बोलतं करायचं. आम्ही समजावण्यातच तास संपवतो."

"म्हणून तर इंग्लिश मीडियम!" बाळ्या म्हणाला.

इथे मला राहवेना. २०११च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे अख्ख्या देशात जेमतेम अडीच लाख. बाकी ज्यांना ती येते, त्यांची ती दुसरी, तिसरी, कधी चौथी भाषा. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या पोराची घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी, मित्रांत मराठी. त्याला बाष्पीभवन इंग्रजीतून शिकवायचं, तेही स्वतः इंग्रजीत चाचपडणाऱ्या शिक्षकानं? पोरगं व्याख्या घडाघडा म्हणतं. दोरीवरचे कपडे का वाळले विचारा, गप्प. त्याला इंग्रजीही येत नाही आणि विज्ञानही नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण यासाठी आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात.

तात्या मागे हटले नाहीत. "बंगालमध्ये डाव्यांनी प्राथमिक शाळेतून इंग्रजी काढलं होतं, पुढे परत आणावं लागलं. पालकांची भीती खोटी नसते, मास्तर. नोकरीच्या मुलाखतीत आपली पोरं मान खाली घालतात, ते मी पाहिलंय."

"काढा कोण म्हणतंय? २०२०चं राष्ट्रीय धोरणसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणतं. इंग्रजी विषय म्हणून हवाच, आणि आजच्यापेक्षा कितीतरी चांगला शिकवायला हवा."

बाळ्या जरा नरमला. "सेमीत घालू का मग? गणित-विज्ञान तेवढं इंग्रजीतून, बाकी मराठीतून?"

"सेमी असो नाहीतर काही," मास्तर म्हणाले, "आधी शाळेत जा आणि इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसू द्या म्हण. तासाभरात किती पोरांनी स्वतःचं एक तरी वाक्य बोललं, ते मोज. फीचं नंतर विचार."

"आणि बसू दिलं नाही तर?"

"तर दुसरी शाळा बघ."

तात्यांना हे पटलं नाही. शाळेच्या नावावरच मुलाखतीला बोलावतात, असं त्यांचं म्हणणं. बाळ्यानं मात्र सोमवारी सुट्टी टाकायचं ठरवलंय.