नळ आहे, पाणी नाही, टिक कसली करतोस?

रविवारी सकाळी साडेनऊला बेल. दारात टॅब घेतलेला मुलगा. "मॅडम, राहणीमानाचा सर्व्हे, दोनच मिनिटं." आमच्याकडे पुण्यात, सोसायटीत टँकरचं पाणी सकाळी तासभरच सोडतात आणि नेमका तोच तास चालू. आत बादली भरत आलेली.

"पाणीपुरवठ्याबद्दल समाधानी आहात का? एक ते पाचमध्ये सांगा."

म्हटलं, आम्ही टँकरवर जगतो. तर म्हणे, टँकरचा पर्याय नाहीये, नळजोड आहे का ते सांगा. आहे. पण त्याला पाणी येत नाही! "मग 'आहे'वर टिक करतो."

अरे, काय टिक करतोस! मेंटेनन्सचा निम्मा पैसा टँकरवाल्याला जातो, तो कुठल्या रकान्यात? सासूबाई गुडघे धरून पहाटे पाचला उठतात, मोटार लागली का बघायला, ते कुठे लिहिणार? पोराचा दोष नाही, त्याला दिवसाला पन्नास घरं उरकायची असतात. राग आहे तो फॉर्म बनवणाऱ्यांचा. नळ मोजतात, पाणी मोजत नाहीत. पाइप किती किलोमीटर टाकला ते मोजतात, त्यातून काय आलं ते नाही.

२०१८ मध्ये केंद्र सरकारच्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत पुणे देशात पहिलं, १११ शहरांत. २०२० च्या यादीत दहा लाखांवरच्या शहरांत दुसरं, ६६.२७ गुण. दशांशाच्या पुढे दोन आकडे! आणि वाहतूक मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या यादीत हेच पुणे जगात चौथं संथ शहर, दहा किलोमीटरला तेहेतीस मिनिटं. माझा नवरा रोज त्या मिनिटांत म्हातारा होतोय. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधला, २०२० मध्ये पाडला, पुन्हा बांधायला घेतला. त्या धुळीत गेलेल्या संध्याकाळींचे किती गुण वजा केले?

२०१७ ला अकरा गावं शहरात घेतली, २०२१ ला तेवीस. इमारती आधी, पाणी मागून, ड्रेनेज त्याच्याही मागून. नवा टॉवर उभा राहिला की विकास वाढला म्हणतात. त्याच्यामुळे शेजारच्या बोअरचं पाणी आटलं ते कोण लिहून घेतं? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव-किरकटवाडीकडे, जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गिलियन-बारे आजाराचे रुग्ण निघाले. माणसं व्हेंटिलेटरवर गेली तेव्हा कुठे विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्याची तपासणी. तोवर कागदावर सगळं ठीक.

आणि सगळ्या शहराची सरासरी का काढता? शहराच्या मधल्या डेक्कनला पाणी आहे म्हणून माझी बादली भरते का? वॉर्डनिहाय छापा. किती तास पाणी, टँकरचा खर्च किती, कामावर पोचायला किती वेळ, पोरांना खेळायला मैदान किती लांब. विचारा की हे!

शेवटी त्याने ओटीपी मागितला. म्हटलं, आधी 'टँकर' लिही, मग देते. लिहायला जागाच नव्हती. मी ओटीपी दिला नाही. आत येईपर्यंत पाणी बंद झालेलं, दुसरी बादली अर्धीच.