पाणी शे, पेवानं नही

शेतावर भरीत पार्ट्या सुरू करायच्या, तर वांगी बामणोदची हवीत आणि भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या हव्यात, यावर आमच्या अमळनेर तालुक्यात सर्वपक्षीय एकमत आहे. अन्न परवान्याच्या अर्जात मात्र दोन्हींचा रकाना नव्हता. माझ्याकडे मागितला तो विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल. भरताचा हंगाम थंडीतला, म्हणून मी मे महिन्यातच कामाला लागलो.

"आजोबांच्या विहिरीत कशाला अडकतो? नवी बोअर मार," असा सल्ला पारावर मिळाला. पण कायद्याप्रमाणे पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, आणि ग्रामपंचायतीची विहीर आमच्या बांधावरून दिसते. शिवाय 2009 च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल जायला बंदी आहे. तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीतली प्रत्येक बोअर तोंडी चारशे फूट आणि कागदावर एकशे नव्वद फूट आहे. नारळावर पाणी शोधणाऱ्या पाणाड्याला मी बोलावलंच नाही. त्याचा नारळ 499 व्या मीटरवर उभा राहिला असता.

तर जुनीच विहीर. प्रयोगशाळेने एक कॅन आणि एक निर्जंतुक बाटली दिली. कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरायचा. बाटली अजिबात विसळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, काठोकाठ भरायची नाही. आमच्या आईला हे पटेना. "विसळल्याशिवाय भांडं भरायचं?" म्हणत ती पदराने बाटलीचं तोंड पुसायला निघाली होती. तिला अडवताना घरात जे बोलणं झालं, ते इथे लिहीत नाही.

जंतूंच्या तपासणीचा नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायचा असतो. गोळेवाल्याकडून बर्फ घेतला, थर्मास मांडीवर ठेवला आणि जळगावची एसटी पकडली. बाहेर 44 अंश. धरणगाव सोडल्यावर शेजारच्या आजीबाईंनी माझ्या थर्मासमधली बाटली पाहिली.

"भाऊ, घोटभर पानी दे ना."

"माय, हाई पानी पेवानं नही."

"पानी शे ना? मंग पेवानं कसं नही?"

"तपासाले लई जाई ऱ्हायनू."

"पोलीसनं शे का?"

पुढच्या सीटवरचे गृहस्थ मागे वळले. उन्हाळ्यात खान्देशात दारात आलेल्या परक्यालाही आधी तांब्या देतात, आणि इथे धडधाकट माणूस बर्फातलं पाणी छातीशी धरून म्हातारीला नाही म्हणतोय! कंडक्टरने स्वतःची बाटली आजींना दिली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की उरलेले दोन रुपये मी मागितलेच नाहीत. आजी शेवटपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अहवाल आला. क्षार चालण्याजोगे, कठीणपणा जास्त. "हे तर डाळ रोज सांगते," आई म्हणाली. कोलिफॉर्म जंतू सापडले, पण त्यावर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा उपाय आहे. खरं दुखणं नायट्रेटचं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आमचं 71. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की उलट ते दाटच होतं. ते येतं युरियातून, शोषखड्ड्यांतून आणि उकिरड्यातून, असं तिथल्या बाईंनी समजावलं. युरिया आमचा. शोषखड्डाही आमचाच, पण तो लांब आहे. उकिरडा विहिरीला खेटून, आणि तो चुलतभावाचा, नानाचा.

संध्याकाळी कागद घेऊन नानाकडे गेलो. त्याने चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी वाचला, शिक्का नखाने खरवडून पाहिला.

"उकिरडा हलवतो की," तो म्हणाला. "पण आधी सरकारी मोजणी आण. माझ्या मते तुझी अर्धी विहीर माझ्या गटात आहे."

मोजणीचा अर्ज काल भरला. वांगी यंदा घरीच खाऊ.