"पाच पळांत वाढतो" म्हणायला काय होतं?

आजच्या ऐतिहासिक मालिकेत शिवकाळातला मुदपाकखाना दाखवला. टोपलीत लालभडक टोमॅटो, आणि आचारी सरदारांना म्हणतो, "दोन मिनिटांत पान वाढतो." डोकंच फिरलं!

टोमॅटो मूळचा अमेरिकेतला, आपल्या स्वयंपाकात रुळला तो इंग्रजी अमदानीत. मिरचीवरून भांडत नाही, ती पोर्तुगीजांबरोबर आधीच आली होती. पण आंबटाला चिंच, आमसूल आहे की! दादरला वाटेल तेवढी मिळतात, आणि दिव्यांच्या धगीत टोमॅटोसारखी दुपारपर्यंत मऊ पडत नाहीत.

आणि मिनिटं? तेव्हा पळं आणि घटका मोजत. २४ सेकंदांचं पळ, ६० पळांची घटका, साडेसात घटकांचा प्रहर. म्हणजे "पाच पळांत वाढतो" म्हटलं की नेमकी दोन मिनिटंच होतात. वेळ दाखवायचीच असेल तर घटिकापात्र ठेवा. पाण्याने भरलेलं घंगाळ आणि त्यावर तरंगणारी, तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती भरून बुडाली की घटका झाली. पाणी मात्र गाळून घ्या, भोकात कचरा अडकला की वाटी उशिरा बुडते.

त्याच आचाऱ्याने पुढे चूल पेटवली ती काडेपेटीने! घासून पेटणारी काडी इंग्लंडातच विक्रीला आली १८२७ साली. राखेखालचा निखारा फुंकायचा होता, नाहीतर चकमक, गारगोटी आणि कापूस.

पत्राचं तर विचारूच नका. पांढऱ्याशुभ्र कागदावर छापील बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरं, शिवाय पूर्णविराम. अहो, तेव्हा पत्रं मोडी लिपीत लिहीत, आणि मोडीत पूर्णविराम नव्हता. आधी आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जायची. कॅमेऱ्यात दोनच ओळी दिसणार असतात. मोडी येणारी माणसं मुंबईत आहेत, एक फोन करा.

संवाद अस्सल सतराव्या शतकातल्या मराठीत लिहिले तर निम्म्यांना कळणार नाहीत, हे कबूल. रोज एक भाग द्यायचा म्हणजे धावपळ होते, तेही मान्य. गोरेगावच्या चित्रनगरीत रात्रीत गड उभा करणाऱ्या सेटिंगवाल्या पोरांवर तर राग नाहीच. फार मेहनत करतात बिचारी, यादीत लिहिलंय ते आणून देतात. राग आहे तो यादी करणाऱ्यांवर.

त्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना वाढवा : "आपल्याकडे कधी आली?" उत्तर मिळालं नाही तर वस्तू काढून टाका. शब्दांसाठी मोल्सवर्थचा १८३१चा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडा. त्यात शब्द सापडला म्हणून तो शिवकाळात होताच असं नाही, पण तिथेही नसेल तर १६७० सालच्या माणसाच्या तोंडी घालण्याआधी जाणकाराला विचारा, आणि तेही संवाद नटाच्या हातात पडायच्या आधी. चित्रीकरण सुरू झाल्यावर शब्द बदलला की पाठांतर चुकतं आणि घाईत पुन्हा "दोन मिनिटं"च बाहेर पडतात.