डब्यावरचं 'ओआरएस'

जुलाबाने मलूल झालेल्या लेकरासाठी आई 'ओआरएस' म्हणजे मीठ-साखरेची जलसंजीवनी असं समजून ते नाव लिहिलेला डबा आणते आणि आत निघतं गोड सरबत! जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसच्या सूत्रात लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ. साखर जास्त झाली की जुलाब उलट वाढतात. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा नियामकाने एप्रिल 2022 मध्ये अशा सरबतांना हे नाव वापरायला बंदी घातली, जुलैत लगेच 'हे जागतिक आरोग्य संघटनेचं ओआरएस नव्हे' एवढ्या डब्यावरच्या खुलाशावर सूट दिली. का? कडेवर पोर रडत असताना खुलासा वाचणार कोण? ती सूट मागे घ्यायला ऑक्टोबर 2025 उजाडला! हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे. डॉक्टरने पेशंट तपासायचे की सरकारी नियामकाला जागं करत फिरायचं?