‘बेअरिंग गेले आणि गॅरेजने लपवले’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. अंबडच्या आमच्या गॅरेजमध्ये आपल्या डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर आपण जुने ऑइल पाण्याच्या बाटलीत भरून घरी नेले, त्यात लोहचुंबक फिरवला, त्याला राखाडी लगदा चिकटला, आणि त्यावरून इंजिनाचे बेअरिंग (आतल्या फिरत्या दांड्याला आधार देणारा भाग) गेल्याचे व आम्ही ते लपवल्याचे आपण लिहिले. दर आठवड्याला कसारा घाट उतरणाऱ्या माणसाला इंजिनाची धास्ती वाटणारच, त्यामुळे आपल्या शंकेचा राग नाही; निष्कर्षाबद्दल मात्र बोलावे लागेल.

लोहचुंबक फक्त लोखंड-पोलाद पकडतो. रिंगा, सिलिंडर, कॅमशाफ्ट यांची झीज त्याला चिकटते, आणि बोटांवर चोळल्यावर खर न लागणारा पिठासारखा बारीक लगदा वापरलेल्या इंजिनात थोडाफार निघतोच. बेअरिंगच्या आतला थर मात्र बहुधा ॲल्युमिनियम-कथिलाचा किंवा तांबे-शिशाचा असतो. तो झिजू लागला तरी सुरुवातीला चुंबकाला पत्ताही लागत नाही. म्हणजे आपल्याला जे सापडले त्यावरून बेअरिंग गेले असे म्हणता येत नाही, आणि (हेही प्रामाणिकपणे सांगतो) ते शाबूत आहे असेही म्हणता येत नाही.

खरा पुरावा ऑइल गाळणाऱ्या फिल्टरमध्ये होता, आणि तो आम्ही न कापता टाकून दिला. ही आमची चूक. आपण विचारले तेव्हा आमच्या मुलाने ‘काही नाही हो, चालतंय’ एवढेच उत्तर दिले, हेही चूकच. शिवाय आपली बाटली ज्या ट्रेमधून भरली, त्यात त्याच सकाळी कांद्याच्या एका पिकअपचे ऑइल काढले होते आणि ट्रे नुसता फडक्याने पुसला होता. त्यामुळे बाटलीतला लगदा पूर्णपणे आपल्याच गाडीचा आहे, असे मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पुढच्या वेळी घरी तपासायचे असल्यास गाडी फिरवून ऑइल कोमट असताना, पहिली धार जाऊ देऊन मधली धार स्वच्छ काचेच्या बरणीत धरावी, हातमोजे घालावेत आणि चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून बुडवावा, म्हणजे पिशवी उलटी केली की चुरा वेगळा निघतो. फिल्टर हॅक्सॉने मुळीच कापू नये, कारण करवतीचाच कीस आत पडतो आणि मग माणूस घाबरतो. त्यासाठी कटर मिळतो, आमच्याकडे आहे. आतला घड्यांचा कागद पिळून पांढऱ्या कागदावर उन्हात पसरला, की तांबूस किंवा चंदेरी पापुद्रे डोळ्यांना दिसतात. प्रयोगशाळेतील चाचणी डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण मोजते, पण मोठे पापुद्रे तिच्यातून निसटू शकतात. म्हणून फिल्टर कापणे चुकवू नये.

आता लावलेला फिल्टर आपल्यासमोर कापून देतो. नवा फिल्टर आणि मजुरी आमच्याकडे. त्याआधी ऑइल प्रेशरचा दिवा लागला किंवा इंजिनातून खालून ठोक्याचा आवाज आला, तर गाडी तिथेच बंद करून फोन करावा, चालवत आणू नये. येताना ती बाटलीही आणा. उरलेले ऑइल मोरीत ओतू नका, आमच्या पिंपात टाकू, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी जाते.